टेलचं पाणी

सिद्धेश्वर धरणातून आवर्तन सुटलं की पूर्णेचं पाणी कालव्यानं आधी हेडच्या शेतात शिरतं. टेलला उरतं ते थोडंथोडकं, कधी तेही नाही. म्हणून सिंचनाचा नियम उलटा सांगतात: आधी टेल, मग हेड.

मत्तयच्या शुभवर्तमानात, २०व्या अध्यायात, असाच उलटा हिशेब आहे. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे मजूर लावतो, दिवसभर लावतच राहतो. शेवटचे तर दिवस मावळायला तासभर असताना येतात. संध्याकाळी मजुरीवाटप त्यांच्यापासून सुरू होतं, आणि सगळ्यांना एकच दिनार. पहाटेपासून राबलेले कुरकुरतात. मी कोड लिहिणारा माणूस. रांगेत जो आधी त्याचं काम आधी. माझं मन अजूनही त्या कुरकुरणाऱ्यांकडे झुकतं.

पण शेवटचे आळशी नव्हते. त्यांना कुणी कामच दिलं नव्हतं. मजूर अड्ड्यावर अकरा वाजले तरी उभी असलेली माणसं तुम्ही पाहिली असतील. दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, आणि घरची भूक काही तासांवर मोजत नाहीत. १८९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून मुली आणल्या, त्याही भूक बघूनच.

एक अडचण मात्र उरते. मळ्याचा मालक स्वतःच्या खिशातून देत होता, पहाटेच्या मजुराचं काही कमी झालं नाही. कालव्यात तसं नसतं. टेलला पाणी पोचायचं तर हेडवाल्याला, आपलं पीक डोळ्यांदेखत सुकत असताना, चारीचं दार बंद ठेवावं लागतं. तेही रात्री, कुणी बघत नसताना.