बूढी काकीची जमीन

घरच्यांनीच घरच्या माणसाला लुबाडल्याची कथा असली की हल्ली तिची चर्चा एका प्रश्नापाशी येऊन थांबते: दोषी कोण? नात्याला ‘विषारी’ म्हटले, एकाला खलनायक ठरवले, की वाचन संपते. या घाईत दोन निराळ्या गोष्टी एकत्र होतात, दगा आणि वापर. दग्याचा दिवस सांगता येतो. ज्याला दगा बसला त्यालाही तो ठाऊक असतो. वापर मात्र रोजच्या स्वयंपाकपाण्यात, मायेत, कर्तव्यात मुरलेला असतो आणि ज्याचा वापर होतो तोही त्याला हातभार लावतो. भाऊबंदकीच्या आपल्या सगळ्या परंपरेने पहिली गोष्ट ओळखायला शिकवले. दुसरी ओळखण्याचे काम कथेने केले आहे.

प्रेमचंदांची ‘बूढी काकी’ हा त्याचा सर्वांत स्पष्ट पुरावा, आणि नेमक्या याच कथेवर भाबडेपणाचा आरोप होत आला आहे. पुतण्या बुद्धिराम गोड आश्वासने देऊन तरुण मुले गमावलेल्या विधवा काकीची सगळी मालमत्ता नावावर करून घेतो, मग तिला पोटभर अन्नही मिळत नाही. घरात तिलकाचा समारंभ होतो, पंगती उठतात, आणि रात्री काकी उष्ट्या पत्रावळींवरचे तुकडे वेचून खाते. ते पाहून बुद्धिरामच्या बायकोला, रूपाला, पश्चात्ताप होतो आणि ती ताट वाढून आणते. टीकाकार म्हणतात, हे सोयीचे हृदयपरिवर्तन आहे, ‘कफन’सारख्या कठोर कथेपर्यंत पोचायला प्रेमचंदांना अजून वेळ होता. मला हे वाचन मुळातच चुकलेले वाटते. रूपा काय परत करते ते पाहावे. ती पुऱ्या परत करते, जमीन नाही. मालमत्तेचे वर्षाचे उत्पन्न दीड-दोनशे रुपये आहे हे लेखक सुरुवातीलाच सांगून ठेवतो, आणि पश्चात्तापाच्या क्षणी रूपालाही तोच आकडा आठवतो. तरीही कागद फिरवण्याचा विचार तिच्या मनाला शिवत नाही. काकीच्याही नाही. ती सारे विसरून जेवते. दगा मिटतो, वापर तसाच चालू राहतो. ज्यांना हा शेवट गोड वाटतो त्यांनी ताट पाहिले, आकडा पाहिला नाही.

लघुकथेला एकच क्षण पेलतो, म्हणून शोषण हा कादंबरीचा विषय, हे मत या आकड्यापुढे टिकत नाही. अधिक गंभीर आक्षेप असा: देणारा राजीखुशीने देत असेल तर त्याला शोषण का म्हणायचे? काफ्काच्या 1915 साली प्रसिद्ध झालेल्या ‘रूपांतर’मध्ये याचे उत्तर आहे. वडिलांचे कर्ज फेडायला ग्रेगोर नावडती नोकरी रेटत असतो. किडा झाल्यावर दाराआडून त्याला कळते की वडिलांनी पैसा शिल्लक ठेवला होता. तो वापरला असता तर नोकरीतून लवकर सुटका झाली असती. यावर त्याला आनंद होतो. तो आनंद खरा आहे, म्हणूनच वडिलांच्या वागण्याला दगा म्हणता येत नाही. पण राजीखुशी हीच वापराची वाट असते.

कायद्यालाही हा फरक सोपा जात नाही. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्यानुसार, सांभाळण्याच्या अटीवर मिळालेली मालमत्ता न सांभाळल्यास परत घेता येते, पण त्यासाठी ते हस्तांतर फसवणुकीने किंवा दबावाने झाले असे मानावे लागते. म्हणजे आधी वापराला दग्याचे नाव द्यायचे. आपल्याकडच्या हक्कसोडपत्राला तेही नाव देता येत नाही. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच वाटा दिला. तरीही माहेर तुटू नये म्हणून बहीण दुय्यम निबंधकाच्या कचेरीत स्वतः सही करते, भाऊ साडीचोळी करतो, आणि दोघांचेही प्रेम खरे असते. तिथे खलनायक शोधणाऱ्या वाचकाला काहीच सापडणार नाही. सातबाऱ्यावरून मात्र तिचे नाव गेलेले असते.