प्राण आणि हवेतील आयन

हवेतील आयन म्हणजे विद्युतभार असलेले सूक्ष्म कण. वैश्विक किरण आणि जमिनीतून निघणारा रेडॉन वायू यांच्यामुळे हवेतील रेणूंचे इलेक्ट्रॉन सुटे होतात. इलेक्ट्रॉन गमावलेला रेणू धन आयन होतो. तो इलेक्ट्रॉन ज्याला चिकटतो, तो ऋण आयन. मोकळ्या हवेत दर घन सेंटिमीटरला असे काही शे ते एक-दोन हजार आयन असतात. तेवढ्याच जागेत हवेचे एकूण रेणू मात्र २५ वर १८ शून्ये इतके असतात.

पाणी उंचावरून आदळून फुटते तिथे ऋण आयन वाढतात. फिलिप लेनार्ड या शास्त्रज्ञाने १८९२ मध्ये हे दाखवून दिले: बारीक तुषार ऋणभार घेऊन हवेत तरंगतात, मोठे थेंब धनभार घेऊन खाली जातात. कुंडलिका नदीच्या वरच्या अंगाला, भिऱ्याजवळच्या देवकुंड धबधब्यापाशी पावसाळ्यात हेच घडते. तिथे माणसाला टवटवी वाटते, हा अनुभव खरा आहे. त्याचे श्रेय आयनांना देऊन पुढे ‘ऋण आयन म्हणजेच शास्त्रातला प्राण’ असेही सांगितले जाते. प्राणायाम, अग्निहोत्र आणि घरात ठेवायची यंत्रे या सगळ्यांच्या समर्थनार्थ हा दावा पुढे येतो.

विज्ञानाने या दाव्याला फारसा आधार दिलेला नाही. २०१३ मध्ये उपलब्ध प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. चिंता, मनःस्थिती, झोप, शिथिलता यांवर आयनांचा सुसंगत परिणाम त्यात आढळला नाही. फार दाट ऋण आयनांच्या उपचाराने नैराश्याची तीव्रता घटल्याचे मात्र दिसले; पण अशी दाटी निसर्गातल्या हवेत नसते, ती यंत्रानेच निर्माण करावी लागते. धबधब्यापाशी गारवा असतो, झाडी असते, पाण्याचा एकसुरी नाद असतो, चालून आलेले शरीर असते. यातून एकटे आयन वेगळे काढून त्यांना श्रेय देणे कठीण आहे.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. लहान आयन धूळ आणि धुराच्या कणांना चिकटून नाहीसे होतात. म्हणजे आयन कमी असणे ही बऱ्याचदा हवा मळल्याची खूण असते. रोह्याजवळ धाटावची रासायनिक वसाहत आहे, पेणजवळून मुंबई-गोवा महामार्ग जातो. अशा ठिकाणी धूर आणि धूळ तशीच ठेवून खोलीत आयन सोडणे हा उपाय नव्हे. शिवाय काही यंत्रांतून ओझोन निघतो आणि तो फुफ्फुसांना अपायकारक असतो.

तत्त्वज्ञानाच्या बाजूने तर ‘ऋण आयन म्हणजेच प्राण’ हे समीकरण मुळातच चुकीचे आहे. प्राण म्हणजे वारा नव्हे आणि इंद्रियांचा व्यापारही नव्हे, हा निर्णय ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातील चौथ्या पादात आलेला आहे. छांदोग्य उपनिषदात श्रेष्ठ कोण यावरून इंद्रियांचा वाद होतो. वाणी, डोळे, कान, मन एकेक करून वर्षभर निघून जातात, तरी देह जगतो. प्राण निघू लागताच सगळीच उखडली जातात. ज्याच्या आधारावर इंद्रिये जगतात, तो इथे प्राण आहे. घन सेंटिमीटरमध्ये मोजता येणारी वस्तू त्या जागी बसवली, तर उपनिषदाचा प्रश्नच हातातून निसटतो आणि श्रद्धेचे भवितव्य पुढच्या प्रयोगाच्या निकालावर टांगले जाते.

पेण तालुक्यातल्या गागोद्यात ११ सप्टेंबर १८९५ रोजी जन्मलेल्या विनोबांनी विज्ञान आणि अध्यात्म यांची जोड आयुष्यभर मागितली. त्यांच्या मांडणीत विज्ञान गती देते आणि अध्यात्म दिशा. दोघांची कामे वेगळी आहेत म्हणूनच जोड हवी. एकाने दुसऱ्याचे प्रमाणपत्र मिरवावे, असा तिचा अर्थ नाही. प्राणायामाचा श्वास शांत करणारा गुण साधकाला स्वतः पडताळता येतो. प्राणायाम शिकवणाऱ्यांनी आपल्या सांगण्यातून आयनांचा दावा काढून टाकावा. शिकवणीत त्याने काहीही उणे होणार नाही.