सावली कुणाची?

माझं एक चित्र अडीच हजार रुपयांना विकलं गेलं, आणि तेव्हापासून ते नक्की माझं होतं का हे मला सांगता येत नाहीये.

गेल्या वर्षी मी नाशिकच्या एका हौशी चित्रकारांच्या मंडळात जायला लागले. दर रविवारी सकाळी गोदाघाटावर जमायचं, समोर दिसेल ते जलरंगात उतरवायचं, मग चहा. शाळा सुटल्यापासून ब्रश हातात धरला नव्हता. पहिल्या महिन्यातच कळलं, की शाळेत आपण जे फासत होतो ते जलरंग नव्हतेच. इथे पांढरा रंग जवळजवळ कुणी वापरत नाही. पांढरं हवं तिथे कागद कोरा सोडायचा, म्हणजे कुठे रंगवायचं नाही हे आधी ठरवायचं. आणि वॉश मारला की वाळेपर्यंत हात मागे. अर्धवट ओल्या वॉशला पाण्याचा ब्रश लागला, तर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा कडा फुटलेला डाग पडतो. माझ्याकडे अशा फ्लॉवरचं अख्खं शेत आहे.

डिसेंबरातल्या एका रविवारी पलीकडच्या काठावरचं नारोशंकराचं देऊळ करत होते. सकाळचं ऊन देवळाच्या मागून येतं. काळा दगड आणखी काळा होतो आणि सावली पायऱ्या उतरत पाण्याकडे येते. देऊळ बरं जमलं, सावलीपाशी अडले. मागे सर उभे होते. ते निवृत्त ड्रॉइंग टीचर, मंडळात सगळे त्यांना नुसतं ‘सर’च म्हणतात. "दे गं जरा ब्रश," म्हणाले. अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना मिसळून राखाडी केला, ब्रश भरून घेतला आणि देवळाच्या पायापासून पाण्यापर्यंत एका दमात खाली आले. मिनिटही लागलं नसेल. चित्र उभं राहिलं. कोपऱ्यात सही मी केली.

मंडळाच्या प्रदर्शनात तेच दिलं. एक गृहस्थ बराच वेळ त्याच्यासमोर थांबले आणि म्हणाले, "सावली काय सुरेख पडलीय हो!" मी म्हणाले, "थँक यू."

त्या ‘थँक यू’पाशी मी अडकले आहे.

सरांना सांगितलं तर हसले. "अगं, ती सावली मी माझ्या सरांकडून उचलली. त्यांनी त्यांच्या सरांकडून." ऐकायला छान वाटलं, पण पटलं नाही. सरांनी त्यांच्या सरांची रीत घेतली. मी सरांचा हातच घेतला. मग वाटलं, हातही आपण घेतोच की. पाटीवर पहिलं अक्षर गिरवताना वरून कुणाची तरी मूठ असतेच, आणि त्याला कुणी चोरी म्हणत नाही. मूठ कधी सुटली तेही आठवत नाही. फक्त, ती पाटी आपण विकायला ठेवत नाही.

मोठ्यांनी तर विकायलाही ठेवलं. राजा रविवर्मांच्या चित्रांवर त्यांच्या धाकट्या भावानेही, राजा राजवर्मांनी, काम केलं. आपल्या तोंडी एकच नाव राहिलं. पण मला सोडवत नाहीये तो रुबेन्स. 1618 मध्ये हेगमधल्या इंग्रज वकिलाशी, डडली कार्लटनशी, त्याचा सौदा चालला होता: कार्लटनची जुनी शिल्पं घ्यायची, बदल्यात चित्रं द्यायची. रुबेन्सने पत्रातून यादी पाठवली. त्यात कुठलं चित्र संपूर्ण आपल्या हातचं, कुठलं शिष्याने केलेलं आणि आपण हात फिरवलेलं, हे लिहिलं. साखळदंडातल्या प्रॉमिथियसच्या चित्रातला गरुड स्नायडर्सने काढलाय, हेही. तो गरुड म्हणजे चित्राचा अर्धा जीव! तरी सांगून टाकलं. यात धंद्याची हुशारीही असेल, सगळं साधुत्व नसेल. पण घेणाऱ्याला आपण काय घेतोय ते माहीत होतं.

म्हणजे दुसऱ्याचा हात लागला यात माझा गुन्हा नव्हता. शिकणं तसंच होतं, निदान ब्रशचं तरी. ब्रश किती ओला हवा हे सांगून कळत नाही. गडबड झाली ती कौतुक नेमकं सावलीचं झालं तेव्हा. ते म्हणाले असते "देऊळ छान आहे", तर माझं ‘थँक यू’ खरं ठरलं असतं. तोच शब्द, तेच चित्र, आणि तरी एक खरं, एक खोटं.

यावर माझी एक मैत्रीण म्हणते, फारच ताणतेस. त्या माणसाला भिंतीवर सुंदर सावली हवी होती, ती मिळाली. त्याचं काय गेलं? खरंच, काही गेलं नाही. पण ते सावलीतून माझ्याकडे पाहत होते, आणि तिथे मी नव्हते.

मंडळाच्या पावतीपुस्तकात त्यांचा नंबर होता. मंडळाला विचारून मेसेज केला: ‘सावली सरांची आहे, चित्र परत करायचं असेल तर पैसे देते.’ दोन निळ्या टिका आल्या. उत्तर नाही.

पुढच्या रविवारी सरांनी हात पुढे केला तेव्हा मी त्यांना वेगळा कागद दिला. त्यांना ते किंचित लागलं असावं; काही बोलले नाहीत, त्या कागदावर सावली टाकून दाखवली आणि पुढच्या मुलाकडे गेले. मग मी माझी टाकली. मधेच धीर सुटला, ओल्यावरच दुसऱ्यांदा ब्रश फिरवला. पायऱ्यांच्या बरोबर मधोमध एक भला मोठा फ्लॉवर.