शिखरावर पाय

नाशिकला मी वर्षानुवर्षं भूशास्त्र शिकवलं. त्यामुळे सह्याद्री पाहिला की मला आधी लाव्हाचे थर दिसतात, देव नंतर. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वाहिलेला बेसाल्ट, पुढे पावसानं कोरून काढलेला. कळसूबाईचा दगड तोच, सप्तशृंगीचाही तोच. मग एकीच्या माथ्यावर खुशाल जायचं आणि दुसरीच्या नाही, हे कशावरून?

कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रात सर्वांत उंच. बारी गावातून निघायचं, लोखंडी शिड्या चढायच्या. माथ्यावर देवीचं एवढंसं देऊळ, नवरात्रात तिथं पाय ठेवायला जागा नसते. तिकडचे लोक सांगतात, कळसू नावाची मुलगी पाटलाच्या घरी कामाला राहिली ती केर काढणार नाही, भांडी घासणार नाही या अटीवर. पाटलानं अट मोडली आणि तिला ती कामं करायला लावली. पोर डोंगरावर निघून गेली, ती कायमची. जिथं भांडी घासली ते थाळेमेळ, केर काढला तो काळदरा. राज्याचं सर्वांत उंच टोक भांडी घासणार नाही म्हणणाऱ्या मुलीच्या नावावर आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं. तिच्याकडे माणसांनी जावंच.

वणीच्या सप्तशृंगी गडावर मात्र पायऱ्या अठरा हातांच्या देवीपाशी संपतात. ती कातळातच कोरलेली. तिच्या डोक्यावरच्या शिखरावर भाविक जात नाहीत. चैत्रात आणि नवरात्रात दरेगावच्या गवळी-पाटील घराण्यातला माणूस रात्री ध्वज घेऊन चढतो, तेवढंच.

पोरं वर्गात विचारायची, ‘सर, पावित्र्य दगडात असतं का?’ नसतं. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही डोंगरांत तीच खनिजं दिसतात. पावित्र्य आपण स्वतःला घातलेल्या मर्यादेत असतं, असं माझं मत. पण माणसानं घातलेली म्हणून ती मर्यादा पोकळ ठरत नाही. १९५५ साली कांचनजंगा पहिल्यांदा सर करणारे जॉर्ज बँड आणि जो ब्राऊन अगदी टोकाशी जाऊन थांबले, कारण माथ्यावर पाय ठेवणार नाही असा शब्द सिक्कीमला दिला होता. तो डोंगर सिक्कीमच्या लोकांचा देव, त्यांचा नव्हे.

आता वणीच्या शिखराची वाट एकाच घराण्याकडे का, हा प्रश्न मला छळतो. जन्मानं मिळणारा हक्क मला पटत नाही, देवाच्या दारी तर मुळीच नाही. तरीही ती वाट सगळ्यांना खुली करा, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.