अंतर आणि ऋण

लंडन ते रोम हे सरळ हवाई अंतर सुमारे १,४३० किलोमीटरांचे असून आजचे विमान ते अडीच तासांत तोडते; आणि ज्या आल्प्सच्या धास्तीने शेकडो वर्षे यात्रेकरू निघण्यापूर्वी मृत्युपत्रे करून ठेवीत, तो पर्वत खिडकीखालून काही मिनिटांत मागे पडतो. मग रोम खरोखरच जवळ आले काय?

वैशेषिक दर्शनाच्या तत्त्वचिंतकांनी दूरपण आणि जवळपण, म्हणजे परत्व आणि अपरत्व, यांना गुणांत स्थान दिले. परंतु मधल्या मूर्त पदार्थांचे संयोग ज्याला अधिक जाणवतात त्याला वस्तू दूर वाटते, अशी त्यांची उपपत्ती लावली. ही उपपत्ती मला फार मोलाची वाटते. तिच्यात अंतर हे दोन टोकांचे नसून मध्ये जे जे भेटते त्याचे आहे.

सन ९९० मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप सिजेरिक हे पॅलियम, म्हणजे आपल्या पदाचे लोकरी वस्त्र, पोपच्या हातून स्वीकारण्यासाठी रोमला गेले. त्यांच्या यात्रेचे त्रोटक टिपण आजही उपलब्ध आहे. त्यात रोममधील तेवीस देवालयांचे दर्शन आहे, पोप पंधरावे जॉन यांच्याबरोबरचे एक भोजन आहे, आणि त्यानंतर परतीच्या वाटेवरील सुमारे ऐंशी मुक्कामांची निव्वळ नामावळी आहे: सिएना, लुका, पाव्हिया, आओस्ता, लोझान, बेझांसाँ, रेंस, आरास. भावनेचा एक शब्द नाही. पण मुक्कामाच्या गावांची नावे मात्र टिपून ठेवलेली आहेत. वाट निर्वेध होती असेही नव्हे, कारण अवघ्या अठरा वर्षांपूर्वी क्लूनीचे मठाधिपती मायोलस यांना याच वाटेवरील आल्प्सच्या मुलखात धरून त्यांच्या सुटकेसाठी जबर खंडणी वसूल करण्यात आली होती.

चौथ्या शतकातील निसाचे ग्रेगरी यांनी एका पत्रात, जागा बदलल्याने ईश्वर अधिक जवळ येत नाही, असा तीर्थयात्रेवर आक्षेप घेतला होता, आणि ईश्वराला सर्वव्यापी मानणाऱ्या कोणालाही तो खोडून काढता येणार नाही. तथापि केवळ कष्टाला पुण्य समजणाऱ्यांचे जसे मला पटत नाही, तसा हा आक्षेपही पुरता वाटत नाही. कारण पायी चालणारा ऐंशी ठिकाणी परक्याच्या दारात उभा राहतो, त्याची भाकर खातो, त्याच्या छपराखाली निजतो, आणि ज्याची परतफेड कधीच होणार नाही असे ऋण शिरावर घेऊन पुढे जातो. विमानातील उतारू भाडे चुकते करतो आणि मधल्या कोणाचाही देणेकरी होत नाही. त्याचे रोम जवळ आले ते मधली माणसे वजा झाल्यामुळे. आणि ईश्वराकडे जाताना ती वजा करता येतात असे मी मानीत नाही.

सिजेरिकांनंतर सुमारे साठ वर्षांनी, त्यांच्याच वाटेवर, २,४६९ मीटर उंचीच्या ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीत संत बर्नार्ड यांनी वाटसरूंसाठी धर्मशाळा स्थापिली. रस्ता बर्फाने बंद असतो त्या महिन्यांतही तेथील धर्मगुरू, चढून आलेल्या अनोळखी माणसाला आत घेतात.