झेंडूची ओळ

आजचं वाचन गीतेच्या तिसऱ्या अध्यायातले ११ आणि १२ हे श्लोक. देवांनी आणि माणसांनी एकमेकांना जोपासावं, आणि मिळालेलं परत न देता जो एकटाच भोगतो तो चोरच, असा साधारण अर्थ. 'चोर' हा शब्द मला दर वेळी टोचतो.

एकमेकांना जोपासणं म्हटलं की शेतकऱ्याच्या पोराला आंतरपीक आठवणारच. सोयाबीनमध्ये तूर घेतली की हिशोब सरळ असतो. सोयाबीन साधारण १०० दिवसांत निघतं, तूर तोवर सावकाश वाढते, तिची मुळं खोल जातात. कुणी कुणाच्या ताटातलं ओढत नाही. त्यावर निरूपण करणं सोपं. पण जुन्नरला माझा थोरला भाऊ टोमॅटोत झेंडू लावतो, तिथं माझी गाडी अडते. टोमॅटोच्या १६ ओळींमागे झेंडूची एक. झेंडूचं रोप वयानं मोठं घ्यायचं, टोमॅटोचं २५ दिवसांचं असेल तर झेंडूचं ४०-४५ दिवसांचं, म्हणजे फुलं वेळेवर येतात. फळ पोखरणाऱ्या अळीच्या पतंगाला झेंडू जास्त आवडतो, तो अंडी तिथं घालतो आणि टोमॅटो बराचसा वाचतो. याला सापळा पीक म्हणतात. आता यात झेंडूला कोण जोपासतं?

बारावीनंतर दादानं शिक्षण सोडलं, कारण वडिलांना एकट्यानं शेत ओढवेना. पुढं माझी इंजिनिअरिंगची फी त्याच टोमॅटोतून गेली. घरी सगळे म्हणतात, दोघं भाऊ कसे एकमेकांना धरून आहेत. (ऐकायला छानच वाटतं, विशेषतः १६ ओळींतल्याला.)

परवा फोनवर सहज विचारलं, "दादा, झेंडू बिचारा फुकटच जातो का रे?"

तो हसला. "फुकट कशाला? दसऱ्याला फुलं विकतो की. पण झेंडू लावून विसरायचा नाही. टोमॅटोच्या आधी त्याच्याकडं बघायचं. अळ्या वेचल्या नाहीत तर तिथंच वाढतात, मग टोमॅटोलाही सोडत नाहीत."

यज्ञ म्हणजे त्याग, हे मी इथं कितीदा लिहिलं असेल. तो कुणी करायचा हे कोण ठरवतं, आणि ज्यानं केला त्याच्याकडं बघायला रोज कोण जातं, हे मात्र कधी लिहिलं नाही. झेंडूला विचारता येत नाही. दादाला विचारता आलं असतं. कुणी विचारलं नाही, मीही नाही.

मी दर महिन्याला पैसे पाठवतो, त्यालाच परतफेड समजत होतो. त्याची पाठ सहा महिने दुखतेय हे मला वहिनीकडून कळलं, तेही आईच्या गोळ्यांबद्दल बोलताना. शनिवारी गावी जातोय, त्यामुळे दोन दिवस इथं वाचन येणार नाही.