कष्टाने मन निवळते काय?

फार सोसले की माणूस आपोआप निर्मळ होतो, असे आपण सहज बोलून जातो. पृथ्वीला पहिला वळसा घालणाऱ्या खलाशांची हकीकत वाचली आणि आम्हांस शंका आली.

सन १५१९ च्या सप्टेंबरात मॅगेलनची पाच गलबते स्पेनहून मसाल्याच्या बेटांकडे निघाली. पॅसिफिक महासागरात तीन महिने वीस दिवस ताजे अन्न नाही. बिस्किटांचा किडका भुगा, पिवळे नासके पाणी. शेवटी शिडाच्या काठीवरचे कातडे समुद्रात भिजवून, निखाऱ्यावर भाजून खाल्ले. हिरड्या सुजून माणसे मेली. आणि त्याच गलबतावर उंदीर विकला जाई, अर्ध्या मोहरेला एक! बरोबरच्या पिगाफेत्तानेच हे लिहून ठेवले आहे. घेणारा उपाशी, विकणाराही उपाशी. पण भाव काही सुटला नाही.

पुढे बेटे लागली, पोटे भरली. तरी मॅक्टनचा नायक स्पेनच्या राजापुढे वाकेना, म्हणून मॅगेलन लढायला उतरला आणि २७ एप्रिल १५२१ रोजी मारला गेला. सप्टेंबर १५२२ मध्ये व्हिक्टोरिया हे एकच गलबत लवंगा घेऊन परतले; वर माणसे अवघी अठरा.

त्यांचे धैर्य थोर, यात वाद नाही. पण भूक भागली तरी हाव भागली नाही. कष्ट देह झिजवतात, मन नाही. ते आपले आपणच झिजवावे लागते. तेव्हा सज्जनहो, मुक्कामाला पायाचे फोड जरूर मोजावे. पण आधी पाहावे, शेजारी कोणी उपाशी तर निजला नाही ना?